तिसऱ्या नंबरासाठी दिल्ली

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी ऑफसाइडचा नियम विचारायला नको. मी वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात भूगोल शिकवते. मुलींचा संघ बाहेरगावी निघाला की सोबत एक बाई पाठवावीच लागते, तिला कागदोपत्री ‘लेडी मॅनेजर’ म्हणतात. ज्या दोन तरुण प्राध्यापिका ह्या कामाच्या होत्या त्यातल्या एकीचं बाळ लहान आणि दुसरीच्या नणंदेचं लग्न. उरले मी. प्राचार्य म्हणाले, “शोभाताई, तुमचा विषयच भूगोल. तुम्ही काही हरवणार नाही.” असली वाक्यं माणसानं प्रवासाआधी बोलू नयेत. नोएडात पहिल्याच दिवशी मी हरवले.

खरं तर आमचा संघ जायचाच नव्हता. आमच्या विभागातल्या पहिल्या नंबरच्या कॉलेजाच्या परीक्षा मध्ये आल्या, म्हणून दुसऱ्या नंबरच्या आम्हाला देशभरातल्या कॉलेजांच्या स्पर्धेला पाठवलं. गावानं आमचं भविष्य आधीच सांगून ठेवलं होतं: जातील, इंडिया गेट पाहतील, येतील. आमचे खेळाचे राठोड सर मुळातले कबड्डीचे. फुटबॉल ते मोबाईलवर बघून शिकले आणि मग त्यांनी तो मुलींना शिकवला. माणूस गरीब स्वभावाचा, रागावला तरी फार तर टोपी काढून परत घालतो.

कॅप्टन जया खंडारे, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची. उंचीनं बेताची, बोलायला कमी, पण मैदानात उतरली की आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसतात. तिची आई रोजानं लोकांच्या शेतात कामाला जाते. जयाला पोलिसात जायचंय. मागच्या भरतीत लेखी परीक्षेत अगदी थोडक्यात हुकली. खेळाडूंसाठी राखीव जागा असतात, पण क्रीडा कार्यालयात तिला स्पष्ट सांगितलं होतं की ह्या स्पर्धेत पहिल्या तीन संघांत आलीस तरच तुझं प्रमाणपत्र धरू. चौथ्या नंबरचा कागद नुसता भिंतीवर लावायचा. आणि कॉलेजकडून खेळायचं तिचं हे शेवटचं वर्ष.

गाडी सुटल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, “मॅडम, बाकीच्या पोरी दिल्ली पाहाले चालल्या. मी तिसऱ्या नंबरासाठी चालली.”

“पहिल्यासाठी का नाही गं?”

“लय झालं ते. मले तिसरा पुरते.”

नोएडा

थंडी म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे, असा आमचा समज होता. आमच्याकडं डिसेंबरात सकाळी शेकोटी पेटवतात, दहाला विझवतात आणि दुपारी पंखा लावतात. इथं दुपारीही सूर्य आजारी माणसासारखा फिक्का. ज्या कॉलेजानं आम्हाला उतरवून घेतलं होतं तिथं गिझर एक आणि रांग मोठी. आमच्या मुलींनी अंघोळीचा विषय पहिल्याच सकाळी बहुमतानं निकालात काढला.

त्यात आरतीचा ठेचा सांडला. आरती आमची गोलकीपर. तिच्या आईनं लाल मिरचीच्या ठेच्याची बरणी दिली होती आणि आरतीनं ती हुशारीनं, फुटू नये म्हणून, संघाच्या जर्सींच्या गठ्ठ्यात ठेवली होती. बरणी फुटली नाही, नुसतं झाकण सुटलं. पांढऱ्या जर्सींवर पाठीला नंबर आणि नंबराखाली ठेचा. धुवून डाग फिका झाला, वास गेला नाही. पुढं पहिल्या सामन्यात आमच्या मुलींच्या अंगाला अंग लागलं की समोरच्या मुली शिंकायच्या. राठोड सर म्हणाले, “राहू द्या मॅडम, फायद्याचंच आहे.”

मी कानटोप्या आणायला म्हणून बाहेर पडले आणि तिथंच माझा भूगोल संपला. नोएडाला मोहल्ल्यांची नावं नाहीत, सेक्टरांचे आकडे आहेत. माणसाला वाटतं आकडे म्हणजे सोपं. पण थोडं चाललं की आकडे एकमेकांची ओळख सोडतात. बरं, आपल्या सेक्टरचा आकडा तरी लक्षात ठेवावा की नाही? तोही विसरले. एका इमारतीच्या गार्डनं विचारलं, “कौन से सेक्टर जाना है, माताजी?” मी म्हटलं, “जिथं मुली फुटबॉल खेळतायत.” त्यानं माझ्याकडं जरा काळजीनंच पाहिलं आणि बसायला खुर्ची दिली.

राठोड सर शोधत येईपर्यंत मी कोपऱ्यावरच्या गाडीवरची शकरकंदी खाऊन घेतली. शकरकंदी म्हणजे आपलं रताळंच, निखाऱ्यावर भाजलेलं. आपल्याकडं ते एकादशीला गुळातुपात घालून शहाण्यासारखं खायचं. इथं त्याला लिंबू पिळून, मसाला भुरभुरून, पानाच्या दोण्यात काडी खोचून रस्त्यात उभ्यानं खातात. उपासाच्या पदार्थाचा हा थाट पाहून मला हसू आलं. दुसरा दोणाही घेतला, खोटं कशाला बोलू?

पहिला सामना धुक्यात झाला. पलीकडं गोलपोस्ट आहे हे निव्वळ श्रद्धेनं मानायचं. पण आमच्या मुली आधीपासूनच बोलत खेळणाऱ्या. “उजवीकडं! मागं पाह्य, मागं! डावीकडून सोड तिले!” असा कालवा सुरू झाला. समोरच्या मुली हिंदी बोलणाऱ्या. त्यांना उजवं-डावं काही कळेना. “ये बोल क्या रही हैं यार?” असं एकीनं दुसरीला विचारेपर्यंत आमचा एक गोल झालासुद्धा. दुसऱ्या सामन्यात बरोबरी झाली. आणि सगळ्यांच्या, त्यातल्या त्यात आमच्याच आश्चर्याला पार न उरता, आम्ही पुढच्या फेरीत गेलो.

वंदनाची भाकरी

वंदना गवई आणि मी अकोल्याला होस्टेलला एका खोलीत राहिलो. नंतर तिनं स्पर्धा परीक्षा दिली आणि आता ती दिल्लीत केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर आहे, राहायला नोएडात. पनीर खाऊन खाऊन मुली रडकुंडीला आल्या आहेत हे मी फोनवर बोलून गेले, तशी म्हणाली, “अगं यार, मग घेऊन ये ना सगळ्यांना! मी ज्वारीचं पीठ आणते.” त्या पिठासाठी ती ऑफिसातून सुटून मेट्रोनं दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आली. आपल्याकडं कोपऱ्यावरच्या गिरणीत मिळणारी वस्तू.

तिच्या घरात आम्ही मावलो कसे, देव जाणे. पलंगावर, जमिनीवर, बाल्कनीत पोरीच पोरी. वंदनानं भाकरी थापायला घेतली तर ती कडेनं चिरायला लागली. “सवय गेली गं,” ती ओशाळून म्हणाली. जया उठली, हात धुतले. “जय भीम काकू. सरका, मी थापते.”

“जय भीम बेटा. ये, ये.”

मग दोघी ओट्याशी उभ्या राहून बोलत राहिल्या. वांग्याची भाजी आणि ठेचा (जर्सीवरचा नव्हे, वंदनाचा) असा बेत होता. जयानं तिला भरतीचं सगळं सांगितलं, तिसऱ्या नंबराचंही. वंदना म्हणाली, “बिल्कुल. घेऊनच जा तो कागद. अशी संधी परत येत नाही.”

तिची मुलगी सलोनी संध्याकाळी आली. उंच, पोनीटेल, खांद्याला बूट लटकवलेले. दिल्लीच्या एका कॉलेजात शिकते आणि ह्याच स्पर्धेत तिच्या कॉलेजाकडून खेळते. “मावशी, आम्ही दुसऱ्या पूलमध्ये आहोत ना, तुमच्याशी मॅच नाही होणार. चलो, अच्छा है.” मुलगी गोड. मराठी बोलते, पण मधूनच शब्द सापडेनासा झाला की सरळ हिंदीच्या दारातून बाहेर पडते. आरती भाकरी हातात धरून म्हणाली, “काय पापुद्रा सुटला, पाह्य!” तर सलोनीनं विचारलं, “पापुद्रा म्हणजे?” पोरी खिदळल्या. सलोनीही हसली आणि तीन भाकरी खाल्ल्या.

मानेसर

पुढचे दोन सामने मानेसरला होते. सकाळी निघालो तेव्हा रस्त्यावर आमच्या बसला पुढून मागून कंपन्यांच्या बसगाड्या, आणि शेअर ऑटोंत कोंबलेली, मफलरीतून फक्त डोळे दिसणारी माणसं. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचं गाव. मैदानाला लागूनच एक कारखाना, त्याच्या भिंतीला एका जागी खिंडार. पाळी सुटली की कामगार त्या खिंडारातून सामना बघायला येत.

समोर हरयाणाच्या मुली. एकेक अशी दणकट, की आमची मीना त्यांच्यातल्या एकीच्या काखेतून वाकायची गरज न पडता निघून गेली. मीना आमची सगळ्यांत पुढं खेळणारी, संघात सगळ्यांत लहानखुरी. पहिल्या अर्ध्या वेळात आम्ही नुसत्या धापा टाकल्या. दुसऱ्यात आरतीनं पेनल्टी अडवली, कशी ते तिलाही माहीत नाही, कारण तिचे डोळे मिटलेले होते. तेवढ्यात खिंडाराकडून आवाज आला, “हाणा पोरींनो, हाणा!” बघितलं तर कामगारांत चार-सहा पोरं आपल्या मराठवाड्याची. मग काय! मीनाच्या डोक्याला लागून चेंडू आत गेला. ते तिनं ठरवून केलं असं ती म्हणते. आम्ही जिंकलो आणि शेवटच्या चारांत आलो.

हरलेल्या संघाच्या कोच बाई आमच्याकडं आल्या तेव्हा मला वाटलं, भांडतायत की काय. तर हातात डबा. बाजरीची रोटी, वर लोण्याचा गोळा, शेजारी गूळ. “खाओ बेटा, इतनी दुबली क्यों हो सारी की सारी?” आपल्याकडं आलेल्या माणसाला चहा विचारतात, ह्या लोकांत दूध-लोणी विचारतात. आणि ‘नको’ म्हटलं तर ऐकूच येत नाही त्यांना. जयानं रोटी उलटीसुलटी करून पाहिली आणि मला हळूच म्हणाली, “आपल्याहून जाड हाये, पण चांगली हाये.”

उपांत्य सामन्याचं लिहीत नाही फार. ईशान्येकडच्या मुली होत्या. पाच गोल झाले आणि पाचही असे देखणे, की चौथ्याला राठोड सरांनी टाळ्या वाजवल्या. सामना संपल्यावर त्या मुली आमच्या प्रत्येकीचा हात हातात घेऊन गेल्या. आरती म्हणाली, “मॅडम, हरलो तरी बरं वाटून राह्यलं, काहून?” जया मात्र परतीच्या बसमध्ये खिडकीला कपाळ टेकून बसली. पहिला-दुसरा गेला होता. उरला होता तिसरा. त्यासाठी एक सामना, दुसऱ्या हरलेल्या संघाशी.

कोपर्निकस मार्ग

मधला दिवस मोकळा होता. गावाच्या भाकिताचा मान राखायला इंडिया गेट पाहिलं, फोटो काढले. तिथून जवळच कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याचं जुनं अतिथिगृह आहे. फाटकाशी पोरींचा मराठी कालवा ऐकून आतून एक साताऱ्याकडचे कर्मचारी बाहेर आले. “कुठल्या गं तुम्ही?” वाशिमच्या म्हटल्यावर त्यांनी आम्हाला उन्हात बसवून चहा पाजला आणि स्वतःच्या मुलीचं दहावीचं सगळं सांगितलं. परमुलखात आपली भाषा ऐकली की माणूस किती बोलतो! आम्हीही काही कमी बोललो नाही.

तिथंच वंदनाचा फोन आला. “शोभा, यार, गडबड झाली.”

“काय झालं?”

“सलोनीची टीमपण सेमीफायनल हरली. उद्या तिसऱ्या नंबरासाठी तुमची मॅच आमच्याशी आहे.”

‘आमच्याशी’ म्हणताना तिचा आवाज जरा अडखळला. मी म्हटलं, “मग उद्या तू कुठल्या बाजूला बसणार?” ती म्हणाली, “उन्हात.”

पुन्हा नोएडा

ऊन पडलं तेच दुपारच्या तोंडावर. मैदानाच्या एकाच कडेला पडलं, आणि ती नेमकी आमची कड निघाली. वंदना थर्मास घेऊन आली, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि शाल गुडघ्यांवर ओढून घेतली. सलोनीनं लांबूनच हात केला, मला आणि तिला मिळून एकच.

सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात मलासुद्धा, म्हणजे बघा, कळलं की काहीतरी बिघडलंय. जया ओरडायची, “उजवीकडं टाक!” आणि चेंडू निघायच्या आधीच सलोनी तिच्या मुलींना ओरडायची, “राइट में जाएगी!” जया म्हणायची, “मागं दे!” सलोनी म्हणायची, “पीछे, पीछे देख!” आमचा प्रत्येक बेत हिंदीतून जाहीर होत होता. इतके दिवस आमची भाषा म्हणजे आमचं कुंपण होतं, आणि आता कुंपणाच्या आत ओळखीचं माणूस उभं. पहिला गोल त्यांनी केला. तो होणारच होता.

हाफ टाइमला आरती माझ्यावरच घसरली. “मॅडम, घरी नेऊन भाकरी चारली अन् इथं अशी चोरी?”

“चोरी कसली गं? तिचीही मातृभाषाच आहे.”

राठोड सर म्हणाले, “मुक्यानं खेळा मग.” पण त्यांनाही ठाऊक होतं, आमच्या मुलींना बोलल्याशिवाय पाय उचलता येत नाही. त्यांनी टोपी काढून परत घातली.

जया संत्र्याची फोड हातात घेऊन बसली होती, खात नव्हती. एकदम म्हणाली, “सर, पयल्या वर्षी तुमी शिकवलं तसं बोलू आपुन.”

ह्याला थोडं मागचं सांगावं लागेल. ह्या मुली पहिल्यांदा मैदानावर आल्या तेव्हा बहुतेक जणी शेतातल्या कामावरून येत. सरांना फुटबॉलचे इंग्रजी शब्द धड येत नव्हते, म्हणून त्यांनी मैदानाचं शेत करून टाकलं. कडेची रेघ म्हणजे धुरा, म्हणजे आपला बांध. सरळ पुढं जायचं म्हणजे तास धरायचा, औत चालतं तसा. चेंडू आपल्या हद्दीतून काढून लांब टाकायचा म्हणजे निंदून काढायचं, तण काढतात तसं. आणि समोरची गोलपोस्ट म्हणजे गव्हाण, गुरांपुढं चारा टाकतात ती. पुढं बाहेरगावी लोक हसायला लागले, म्हणून मुलींनी ते शब्द सोडून दिले होते.

“तिले पापुद्रा माईत नाई,” जया म्हणाली. “धुरा कुठून माईत असन?”

“आन् तिच्या आईले?” आरतीनं विचारलं.

सगळ्यांनी वंदनाकडं पाहिलं. ती लांब खुर्चीवर बसून थर्मासच्या झाकणातून चहा पीत होती. जयानं फोड तोंडात टाकली. “काकूले माईत असन. मंग पाहू.”

दुसरा अर्धा सुरू झाला आणि मैदानात आमचं शिवार उभं राहिलं. “धुऱ्यानं चाल, धुऱ्यानं!” “तास धर मीने!” “निंद! निंदून काढ लवकर!” सलोनी एकदा इकडं बघे, एकदा तिकडं. तिच्या मुली विचारत होत्या, “क्या बोला? क्या बोला?” आणि ती नुसती मान हलवत होती. मीना धुऱ्यानं पळाली, कुणी आडवं आलं नाही, आणि बरोबरी झाली.

मी आनंदानं वंदनाचा हात धरला आणि मग माझंच मला लाजल्यासारखं झालं, कारण मैदानात तिची मुलगी होती. तिनं हात सोडवला नाही. ती जयाकडं बघत होती.

वेळ संपत आली होती. चेंडू आमच्या खुर्च्यांपाशी बाहेर गेला आणि थ्रो टाकायला सलोनीच आली. घामानं केस कपाळाला चिकटलेले. चेंडू उचलता उचलता तिनं धापा टाकत विचारलं, “मम्मी, धुरा क्या होता है? आणि गव्हाण? जल्दी सांग ना!”

वंदना म्हणाली, “नाही गं माहीत.”

माझ्या हातातला चहा शालीवर सांडला. वंदनाला गव्हाण माहीत नाही? अकोल्याच्या होस्टेलच्या मेसला ती दोन वर्षं गव्हाणच म्हणत होती! मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

सलोनीनं थ्रो टाकला. तो जयानं पायात घेतला, एकीला चुकवलं आणि ओरडली, “मीने, गव्हाणीत!” सलोनी जयाच्या अंगावर धावून गेली, तिला वाटलं चेंडू जवळच राहणार. चेंडू तिच्या डोक्यावरून गेला. मीनानं तो आत ढकलला आणि स्वतःही चेंडूमागून जाळीत जाऊन पडली.

मग शिट्टी झाली. पोरींनी एकमेकींवर उड्या मारल्या, राठोड सरांची टोपी कुठंतरी उडाली. जया मात्र जिथं होती तिथंच खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसाहमशी रडली. मलाही रडू आवरेना. तिसऱ्या नंबराचं प्रमाणपत्र संध्याकाळी तिच्या हातात पडलं, ते तिनं घरापर्यंत अंगाखाली घेऊन झोपत आणलं. भरती अजून निघायचीय. ती रोज पहाटे पळते. पण मला सांगायचंय ते त्या दुपारचंच.

सलोनी जयाला हात देऊन उठवून आमच्याकडं घेऊन आली. खेळाडू मुलगी, मन मोठं. तिनं वाटेतच जयाला त्या शब्दांचे अर्थ विचारून घेतले होते. आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “मम्मी, तू तर गावातली आहेस. तुला सच में माहीत नव्हतं?”

“माहीत होतं.”

“फिर? मी विचारलं ना तुला?”

वंदनानं थर्मासचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. आणि बोलायला लागली तशी तिची दिल्लीची मराठी हळूहळू सुटत गेली. “माही आई जन्मभर लोकाईच्या धुऱ्यावरून लोकाईच्या वावरात निंदाले गेली. तुले हे शब्द कधी लागू नये म्हणून मी शिकली. म्हणून इथं आली. इतके वर्षं तुले एक शब्द दिला नाई मी. मंग आज एका मेडलसाठी काढून देऊ? आन् कोणाच्या विरुद्ध? हिच्या?”

सलोनी म्हणाली, “मला हरवलंस तू, मम्मी.”

“हो,” वंदना म्हणाली.

मला त्या क्षणी वंदनाचा राग आला की अभिमान वाटला, ते अजून ठरवता आलेलं नाही. जया खाली मान घालून उभी होती. बिचारीला जिंकल्याचा आनंदही धड करता येईना. मग काय करावं ते न सुचून तिनं माझा मोबाईल मागितला आणि आईला फोन लावला. आई शेतातच होती, वाऱ्याचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

“माय, तिसरा नंबर आला!”

“तिसरा? मंजे हारल्या का वं?”

“नाई वं माय! तिसरा मंजे जिंकलो!”

तिकडून हुंदका ऐकू आला. जयाही डोळे पुसायला लागली. तेव्हा वंदना उठली आणि तिनं जयाच्या हातातून फोन घेतला.

“जय भीम बाई. नोएडाहून बोलतो, वंदना गवई. पोरगी लय गुणाची हाये तुमची. रडू नका. काय चाललं? तूर सोंगनं सुरू हाये काय? गडी-बाया भेटते काय सोंगाले? आन् हरबरा? घाटे धरले? यंदा थंडी चांगली हाये, भरते...” आणि ती थांबेचना. पेंढ्या, खळं, उपणणी, एकामागून एक. वीस वर्षांत तिच्या तोंडून ऐकले नव्हते ते सगळे शब्द ती तिथं उन्हात उभी राहून बोलत होती आणि पलीकडून जयाची आई हसत होती, आम्हाला ऐकू येण्याइतकी.

सलोनी आईच्या तोंडाकडं बघत राहिली. तिची बस सुटायला आली होती, मैत्रिणी हाका मारत होत्या, ती हलली नाही. फोन संपला. वंदनानं तो मला परत दिला, नाक पुसलं, शाल सावरली.

“मम्मी,” सलोनी म्हणाली, “सोंगणं म्हणजे?”

वंदना तिच्याकडं वळली. मग शाल माझ्या मांडीवर टाकली, कमरेत वाकली, डाव्या मुठीत हवेतलं झाड धरलं आणि उजव्या हाताचा विळा ओढून त्या नोएडाच्या गवतावर तिनं लेकीला तूर सोंगून दाखवली.